वर्णानुक्रमात हरवलेले बालगंधर्व : नाट्यपदांच्या एका पेनड्राइव्ह संचाचे परीक्षण

बालगंधर्वांच्या नाट्यपदांचा एक पेनड्राइव्ह संच मी दोन महिन्यांपूर्वी साडेनऊशे रुपयांना विकत घेतला. जाड पुठ्ठ्याची छोटी पेटी, तिच्यात पेनड्राइव्ह, सोळा पानांची पुस्तिका आणि शालू नेसलेल्या बालगंधर्वांचे एक छायाचित्र, असे त्याचे स्वरूप आहे. पेटी देखणी आहे आणि कोणाला भेट द्यायची झाली तर हातात घेऊन बरी दिसते. विक्रेत्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही. असे संच आणखीही काही जण विकतात, आणि मला जे दोष दिसले ते कोणताही संच घेताना तपासून पाहावेत एवढ्याचसाठी हे लिहीत आहे.

पेटीवर बहात्तर पदे असल्याचे छापले आहे. प्रत्यक्षात एकोणसत्तरच निघतात, कारण तीन पदे दोनदा आलेली आहेत. 'कशि या त्यजू पदाला' हे पद एकदा ऱ्हस्व 'शि'ने आणि एकदा दीर्घ 'शी'ने नोंदवले आहे, आणि संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी गाणी ठरली आहेत. ध्वनिमुद्रण मात्र तेच, खरखर तीच, आणि शेवटच्या ओळीपाशी सुई जिथे किंचित अडखळते ती जागाही तीच.

हे किरकोळ झाले. मूळ दोष हा की सगळी पदे वर्णानुक्रमाने लावली आहेत. 'अगा वैकुंठीच्या राया' पहिल्या पाचांत येते आणि 'नाही मी बोलत नाथा' पार मध्यावर. पहिले पद १९३१ सालच्या 'कान्होपात्रा' नाटकातले आणि दुसरे १९११ सालच्या 'मानापमाना'तले. म्हणजे वीस वर्षांनंतरचा गायक आपण आधी ऐकतो आणि 'मानापमाना'ची नायिका असलेल्या ऐन विशीतल्या भामिनीकडे मग वळतो. सुट्या भावगीतांच्या संग्रहात हे चालून जाते. ज्याची पदे भूमिकेला, भूमिका नाटकाला आणि नाटक हे नाटक मंडळीच्या उत्कर्षाला किंवा कर्जाला बांधलेले होते, अशा संगीत नटाच्या बाबतीत वर्णानुक्रम म्हणजे कारकीर्दच पुसून टाकणे होय. म्हणून पहिल्या आठवड्यातच मी सगळी पदे संगणकावर उतरवून घेतली, त्यांना नाटकाच्या सालाप्रमाणे क्रमांक दिले आणि मगच ऐकायला बसले. संचाचे खरे परीक्षण तेथून सुरू झाले.

पदांना नाटकाचे साल लावले म्हणून ध्वनिमुद्रणाचे साल कळते असे नाही, हे येथे सांगितले पाहिजे. लोकप्रिय पदे नाटक आल्यानंतर अनेक वर्षांनीही मुद्रित होत आणि काहींची पुन्हा मुद्रणे होत. संचात मुद्रणाचे साल, तबकडीचा क्रमांक, साथीदार यांपैकी काहीही दिलेले नाही. बहुधा तबकडीच्या मधोमध असलेल्या कागदी चकतीवरची माहितीसुद्धा उतरवून घेण्याचे कष्ट कोणी घेतले नसावेत.

पुस्तिकेतील चरित्रभाग सहा पानांचा आहे. नारायण श्रीपाद राजहंस हे मूळ नाव, २६ जून १८८८ ही जन्मतारीख, लहानग्या नारायणाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी दिलेली 'बालगंधर्व' ही पदवी, हे सर्व ठीक आहे. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले हेही दिले आहे. मात्र मंडळीला तेव्हा त्यांची एवढी गरज का होती, हे पुस्तिका सांगत नाही. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तले होते. ज्यांच्या आवाजावर मंडळी उभी होती तो गायक नट गेल्यानंतर 'शाकुंतल', 'सौभद्र' यांसारखी नाटके पेलणारा गळा मिळत नव्हता. सतरा वर्षांच्या मुलाला शकुंतलेची भूमिका मिळाली ती या पोकळीत. 'वद जाऊ कुणाला शरण' हे सुभद्रेचे पद या संचात आहे. ते ऐकताना आपण केवळ बालगंधर्वांना ऐकत नसतो, किर्लोस्करांच्या नाटकाची त्यांच्या आधीपासून चालत आलेली वाट ऐकत असतो, हे दोन वाक्यांत सांगता आले असते.

'मानापमाना'ला पुस्तिकेने दोन पाने दिली आहेत आणि त्यांपैकी दीड पान १२ मार्च १९११ या दिवसावर आहे. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि तरीही त्यांनी भामिनी रंगवली, ही हकिकत मराठी घराघरांत ठाऊक आहे. ती सांगू नये असे मी म्हणणार नाही. पण याच नाटकात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी लिहिलेल्या पदांना गोविंदराव टेंब्यांनी दिलेल्या चाली कशा नव्या होत्या, उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या वळणाने नाट्यपद कसे मोकळे झाले, याविषयी एक ओळही नसावी याची खंत वाटते. 'नाही मी बोलत नाथा' ऐकून पाहावे. त्यातला रुसवा शब्दांत आहेच, पण 'नाथा'वर स्वर जरा रेंगाळून जो खाली येतो, तिथे तो रुसवा अर्धा विरघळलेला असतो. ही किमया चालीची किती आणि गळ्याची किती, हा प्रश्न ऐकणाऱ्याला पडावा यासाठी पुस्तिका असते.

संचाचा सर्वांत श्रीमंत भाग 'स्वयंवरा'चा आहे. १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि १९१६ च्या डिसेंबरात तिने 'स्वयंवर' रंगभूमीवर आणले. संगीत गुरू भास्करबुवा बखले यांचे. 'मम आत्मा गमला' बिहागात, 'नाथ हा माझा' यमनात, 'सुजन कसा मन चोरी' भूपात, 'स्वकुलतारक सुता' भीमपलासीत. ख्यालाच्या बंदिशींवरून घेतलेल्या चालींचे हे नाटक म्हणजे रागदारीची बैठकच होती. ही पदे मी एका रात्री सलग ऐकली. रुक्मिणी तीच, पण प्रत्येक पदात तिचे वय, संकोच आणि निर्धार वेगळा जाणवतो. 'सुजन कसा मन चोरी'मध्ये ती कृष्णाविषयी स्वतःशीच बोलते आहे असे वाटते, तर 'नाथ हा माझा'मध्ये तिला आता कोणापासून काही लपवायचे नाही. रागाची शिस्त कुठेही मोडलेली नाही, आणि तरीही आपण राग ऐकत आहोत याचे भान पद संपल्यावर येते.

आता एक अडचण. तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांची. रंगभूमीवर हेच गायक वन्समोअर घेत एकेक पद किती वेळ फुलवीत आणि प्रयोग कसे पहाटेपर्यंत चालत, याच्या आठवणी पुष्कळांनी लिहून ठेवल्या आहेत. मग तीन मिनिटांच्या तुकड्यावरून त्या गाण्याची परीक्षा कशी करायची? माझे मत असे की विस्तार येथे मिळत नाही, पण निवड मिळते. जे गायचे ते तीन मिनिटांतच गायचे असल्याने गायकाने काय ठेवले आणि काय टाकले हे स्पष्ट दिसते. बालगंधर्वांनी ठेवले ते शब्द. तान आली तरी ती शब्दाच्या पोटातून येते आणि शब्द पुरा करूनच थांबते. आलापासाठी शब्द बाजूला सारला आहे असे या एकोणसत्तर पदांत मला क्वचितच आढळले. हे गुणग्राहक श्रोत्यांना नवे नाही, परंतु सालाच्या क्रमाने ऐकल्याशिवाय ते इतके ठळकपणे जाणवत नाही.

'एकच प्याला'च्या पदांपाशी पुस्तिकेची चूक अक्षम्य आहे. तिच्यात सर्व पदे राम गणेश गडकऱ्यांच्या नावावर टाकली आहेत. नाटक गडकऱ्यांचे; पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि नाटक त्यानंतर महिनाभरात, फेब्रुवारीत, रंगभूमीवर आले. म्हणजे बालगंधर्वांची सिंधू, या नाटकाची नायिका, लेखकाने प्रयोगात पाहिलीच नाही. गायिका सुंदराबाई जाधव यांच्याकडून आलेल्या चालींचाही उल्लेख नाही. 'सत्य वदे वचनाला नाथा' किंवा 'कशि या त्यजू पदाला' यांतला साधेपणा, रुक्मिणीच्या पदांनंतर एकदम अंगावर येणारा घरगुती उदासपणा, हा त्या चालींमुळे आहे. ज्या नटाचे भरजरी शालू पाहून बायका आपले नेसणे बदलत होत्या, त्याने दारुड्याच्या गरीब बायकोची भूमिका स्वीकारली आणि गळाही तसाच साधा केला. सालाच्या क्रमाने ऐकताना 'स्वयंवर' संपून 'एकच प्याला' सुरू होतो, तिथे मी थांबून पुन्हा मागे गेले. आवाज तोच असूनही अंगावरचे सगळे दागिने उतरवून ठेवल्यासारखा वाटतो. वर्णानुक्रमात ही जागाच उरत नाही, कारण 'कशि या' आणि 'किती किती सांगू तुला' शेजारी येऊन बसतात.

आता ध्वनीविषयी. पहिल्याच दिवशी काही पदे मला जरा जास्त टिपेची आणि घाईची वाटली. घरातली हार्मोनियम काढून षड्ज, म्हणजे गायकाचा 'सा', शोधू लागले तर काही पदांत तो दोन पट्ट्यांच्या मधेच लोंबकळत होता. कारण उघड आहे. जुन्या तबकड्यांना आपण सरसकट मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणतो, पण त्या काळात सगळ्याच तबकड्या नेमक्या त्या वेगाने कोरल्या जात नव्हत्या. ७४ फेऱ्यांवर कोरलेली तबकडी ७८ वर वाजवली तर स्वर जवळजवळ एका अर्धस्वराने चढतो आणि पद तेवढेच लवकर संपते. बालगंधर्वांसारख्या, स्त्रीभूमिका करूनही चिरका आवाज न काढणाऱ्या गायकावर याचा परिणाम फार वाईट होतो. मुळात भरीव असलेला आवाज बारीक आणि बाहुलीसारखा होतो, आणि नव्या श्रोत्याचा समज होतो की पुरुषाने बाईचा आवाज काढला म्हणजे तो असाच असणार. मी काही पदे संगणकावर वेग कमी करून ऐकली. चार-पाच टक्के वेग उतरवताच 'खरा तो प्रेमा' एकदम बसले. आवाजाला छाती आली, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, ओढल्यासारखी न वाटता वळल्यासारखी वाटू लागली. हे काम खरे तर विकणाऱ्याचे आहे. प्रत्येक तबकडीचा स्वर तपासणे कष्टाचे असले तरी अशक्य नाही.

वेगापेक्षाही मोठे नुकसान स्वच्छतेच्या हव्यासाने केले आहे. पेटीवर 'खरखरमुक्त' असे अभिमानाने छापले आहे. ती खरखर ज्या उंच पट्टीत असते, त्याच पट्टीत 'स', 'श', 'च' यांच्या कडा असतात. पूर्वी गायक कर्ण्यात तोंड घालून गात असे आणि त्या पद्धतीच्या मुद्रणात उंच ध्वनी आधीच क्षीण असतो. त्यावर चाळणी मारल्यावर 'सत्य वदे'चा 'स' इतका बोथट होतो की पद 'अत्य वदे' असे सुरू झाल्यासारखे वाटते. ज्या गायकाचे सारे वैभव शब्दात, त्याच्या शब्दाचा पहिला वर्णच खाऊन टाकायचा आणि त्याला सुधारणा म्हणायचे! ऑर्गन आणि सारंगीही या चाळणीत मऊ होऊन एकमेकांत मिसळल्या आहेत. माझ्या परिचयातील एका संग्राहकांकडे 'मम आत्मा'ची लाखेची तबकडी आहे. त्यांनी ती वाजवून दाखवली तेव्हा पावसात बसल्यासारखी खरखर होती, पण तिच्यातून सारंगी स्वतंत्रपणे ऐकू येत होती आणि तबल्याचा डग्गाही. माझ्या कानाला पाच मिनिटांत खरखरीची सवय झाली.

तबल्याचा विषय निघाला म्हणून सांगते. अहमदजान थिरकवाँ यांच्यासारखा तबलावादक या मंडळीत होता. सोळा पानांत त्यांचे नाव नाही. साथीदारांवर, सीनसीनरीवर, अत्तरांवर आणि वस्त्रांवर पैसा उधळणारा हा मालक होता. १९२० च्या 'द्रौपदी'वरचा खर्च तर दंतकथेसारखा सांगितला जातो. त्यातून मंडळी कर्जात बुडाली आणि ते देणे पुढची अनेक वर्षे प्रयोग करूनच फेडले गेले. पुस्तिका हे सारे 'दिलदारपणा' या एका शब्दात गुंडाळते. मला तो शब्द अपुरा वाटतो. प्रेक्षकांना 'मायबाप' म्हणणाऱ्या या नटाला हिशेब कळत नव्हता, की कळूनही प्रयोगाच्या थाटापुढे तो गौण वाटत होता, याचा विचार करायला पुस्तिकेने जागा ठेवलेली नाही. जुलै १९२१ मधल्या संयुक्त 'मानापमाना'चा मात्र चांगला परिच्छेद आहे. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या त्या प्रयोगात ललितकलादर्श या दुसऱ्या नाटक मंडळीचे केशवराव भोसले नायक धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते, आणि तीनच महिन्यांत केशवराव गेले. हा भाग कोणी तरी मनापासून लिहिला आहे.

गफलत आणखी एक. सत्तावन्न क्रमांकावर 'रवी मी' हे पद बालगंधर्वांच्या नावाने दिले आहे. ते धैर्यधराचे पद, आणि ऐकू येणारा आवाज निःसंशय मास्टर दीनानाथ मंगेशकरांचा. तानेचा तो झपाटा, अनपेक्षित जागी मारलेली ती उडी, यांचा बालगंधर्वांच्या गायकीशी दुरूनही संबंध नाही. ज्याने हे पद या पेटीत टाकले त्याने ते ऐकले नसावे, केवळ 'मानापमान' हे नाव वाचले असावे. ऐकायला मात्र ते उत्तम आहे, त्यामुळे तक्रार करताना जीभ जरा अडखळते.

शेवटचा गट 'कान्होपात्रा'चा आणि नंतरच्या भक्तिपर पदांचा. या नाटकाला मास्टर कृष्णरावांचे संगीत होते आणि बालगंधर्व तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. आमच्या आजीने लहानपणी हे नाटक वडिलांच्या मांडीवर बसून पाहिले होते. तिला कथानक आठवत नव्हते. एक जाडसर बाई विठ्ठलापुढे गात होती आणि शेजारची माणसे डोळे पुसत होती, एवढेच ती सांगे. ती 'बाई' पुरुष आहे हे तिला घरी आल्यावर कळले. 'जोहार मायबाप' आणि 'अगा वैकुंठीच्या राया' ही दोन्ही मुद्रणे संचात त्यातल्या त्यात चांगली उतरली आहेत. विद्युत ध्वनिमुद्रण तोपर्यंत आलेले असल्याने त्यांना चाळणीचा त्रास कमी झाला असावा. येथे गळ्याची चपळाई उतरली आहे आणि श्वास लहान झाला आहे, पण लय घेण्याची रीत अशी की ओळ केव्हा सुरू झाली हे कळतच नाही. 'स्वयंवरा'तल्या रुक्मिणीनंतर हे ऐकले तर वय झाल्याचे जाणवते, आणि आणखी काही तरी मिळाल्याचेही. पुढे १९३५ साली प्रभात फिल्म कंपनीच्या 'धर्मात्मा' चित्रपटात त्यांनी एकनाथांची भूमिका केली. रंगभूमीवर नायिका असलेला नट पडद्यावर संत म्हणून आला आणि तिथे फार रमला नाही. मंडळी विसर्जित झाली, तरी ते गातच राहिले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुस्तिकेत या शेवटच्या तीस वर्षांना सहा ओळी मिळाल्या आहेत, आणि त्यांच्या उत्तरायुष्यातील सहचारिणी गोहरबाई कर्नाटकी यांचा उल्लेख 'सहकलाकार' एवढाच आहे, जो सभ्यपणाचा असला तरी अपुरा आहे.

हा संच कोणी घ्यावा? ज्यांच्याकडे ही पदे आधीपासून आहेत त्यांनी घेऊ नये. ज्यांनी बालगंधर्व कधीच ऐकले नाहीत त्यांनी तर मुळीच घेऊ नये, कारण चढलेल्या वेगात आणि बोथट शब्दांत त्यांची पहिली भेट होणे हा त्या गायकावर अन्याय आहे. संगणकावर क्रम लावण्याची, वेग उतरवण्याची आणि पुस्तिका बाजूला ठेवण्याची तयारी असेल, तर मात्र साडेनऊशे रुपयांत 'स्वयंवर' आणि 'कान्होपात्रा'ची पदे एकत्र मिळतात, हा सौदा वाईट नाही. पाचपैकी मी अडीच गुण देईन. त्यातले दोन बालगंधर्वांचे आणि अर्धा पेटीच्या पुठ्ठ्याचा.

विक्रेत्याला मी सर्व चुका सविस्तर लिहून कळवल्या. उत्तर नम्र आले आणि पंधरा दिवसांत दुरुस्त केलेला दुसरा पेनड्राइव्हही विनामूल्य आला. त्यातून 'रवी मी' काढून टाकले आहे. बहात्तरचा आकडा भरण्यासाठी 'कशि या त्यजू पदाला' आता तीन वेळा आहे.